मानसिक आजारात दातांचे दुखणे: खर्च आवाक्यात ठेवून उपचार कसे पार पाडावेत

स्किझोफ्रेनिया, बायपोलर विकार किंवा चिवट नैराश्य यांवर वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्या माणसाचे दात वयाच्या मानाने लवकर खराब होतात, हे मनोविकारतज्ज्ञांना ठाऊक असते आणि दंतवैद्यांनाही. तरीही एकाच्या तपासणीत तोंड उघडून पाहिले जात नाही आणि दुसऱ्याच्या खुर्चीवर मनाच्या गोळ्यांचा विषय निघत नाही. हा सांधा जुळवण्याचे काम मग रुग्णावर किंवा त्याच्या घरच्यांवर येऊन पडते. दातांचे उपचार महाग आहेतच. पण त्याहून अधिक पैसे जातात ते उपचारांचा क्रम चुकल्यामुळे आणि निर्णयाची वेळ चुकल्यामुळे. क्रम आणि वेळ या दोन्ही गोष्टी मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतात.

लाळ कमी झाली की काय होते

दात घासण्याचा आळस हे एकमेव कारण मानून रुग्णाला बोल लावण्याआधी गोळ्यांकडे पाहावे. अमिट्रिप्टिलीनसारखी जुनी नैराश्यविरोधी औषधे, ओलान्झापिन आणि क्वेटियापिन, शिवाय हातपाय ताठरणे किंवा थरथरणे कमी व्हावे म्हणून दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी, या सर्वांनी तोंडाला कोरड पडते. लाळ तोंडातले आम्ल सौम्य करते, अन्नाचे कण धुऊन नेते आणि दाताच्या कवचाला कॅल्शियम परत मिळवून देते. ती आटली की हिरडीलगतच्या भागात, एरवी जिथे सहसा कीड लागत नाही तिथेही, काही महिन्यांत खड्डे पडू लागतात. क्लोझापिनचे उलटे असते: त्याने लाळ वाढते आणि रात्री उशी ओली होते. काही नैराश्यविरोधी गोळ्यांमुळे झोपेत दात खाण्याची सवय लागते, त्याने दाढा झिजतात आणि सकाळी जबडा दुखतो.

कोरड पडली की माणूस काहीतरी घोट घोट पीत राहतो, आणि आपल्याकडे ते ‘काहीतरी’ बहुधा साखरेचा चहा असतो. दिवसभरात पाच-सहा वेळा चहा-बिस्कीट म्हणजे दातांवर पाच-सहा वेळा आम्लाचा मारा. त्यात तंबाखू, विडी किंवा मिश्री असेल तर हिरड्याही जातात. गोळ्यांमुळे वजन आणि रक्तातली साखर वाढली असेल तर हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांच्या आजाराने साखर आटोक्यात येत नाही, असे ते एकमेकांना धरून चालते.

यातून पहिले काम निघते. मनोविकारतज्ज्ञांकडे पुढच्या भेटीत ‘तोंडाला फार कोरड पडते, मात्रा कमी करता येईल का, किंवा ट्रायहेक्सिफेनिडिलची अजून गरज आहे का’ हा प्रश्न स्वतःहून विचारावा. ही गोळी अनेकांच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे तशीच पुढे चालत राहते, आणि कधीकधी ती कमी करता येते. मात्र दातांसाठी म्हणून कोणतीही मानसिक आजाराची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. आजार उलटला तर दातांचा खर्च त्यापुढे किरकोळ ठरतो.

दुखणे ओळखणे, आणि कधी थांबायचे नाही

‘माझ्या दाढेत कोणीतरी यंत्र बसवले आहे, ते रात्री बोलते’ असे सांगणाऱ्या रुग्णाच्या दाढेखाली खरोखरच पू असू शकतो. भ्रम आहे म्हणून दुखणे नाही, असे गृहीत धरू नये. शिवाय स्किझोफ्रेनियात वेदना बोलून दाखवण्याचे प्रमाण कमी असते, त्यामुळे तोंडापेक्षा वागणे अधिक सांगते. एका बाजूनेच चावणे, भाकरी सोडून नुसता आमटी-भात खाणे, थंड पाणी टाळणे, गालावर हात दाबून बसणे, अचानक झोप उडणे किंवा चिडचिड वाढणे यांपैकी काही दिसले तर आजार उलटला असे समजून गोळ्या वाढवून घेण्याआधी टॉर्च लावून तोंड पाहावे.

याची दुसरी बाजूही आहे. एक्स-रे स्वच्छ, हिरडी ठीक, दात ठोकून पाहिला तरी दुखत नाही आणि तरीही वेदना थांबत नाही, असेही होते. अशा वेळी ‘हा काढा, आता शेजारचा काढा’ या मागणीपुढे झुकून दात काढत गेल्यास वेदना राहते आणि दात जातात. दोन वेगवेगळ्या दंतवैद्यांना कारण सापडले नसेल तर पुढचा दात काढण्यापूर्वी मनोविकारतज्ज्ञांचे मत घ्यावे. या प्रकारच्या वेदनेवर औषधे आहेत.

काही लक्षणांत मात्र पैसे, अपॉइंटमेंट, उद्याचा दिवस यांपैकी कशाचीही वाट पाहू नये. सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरणे, तोंड नीट न उघडणे, गिळता न येणे, आवाज बदलणे, सुजेसोबत ताप येणे किंवा श्वासाला त्रास होणे ही ती लक्षणे. हा संसर्ग श्वासनलिका दाबू शकतो. जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा, रात्र असली तरी.

एका पानाची टिपण

दंतवैद्याकडे जाण्यापूर्वी साध्या वहीच्या पानावर पुढीलप्रमाणे लिहावे आणि त्याची एक प्रत गोळ्यांच्या डब्यात ठेवावी:

‘रुग्णाला बायपोलर विकार आहे, उपचार सुरू आहेत. सध्याच्या गोळ्या: लिथियम ३०० मिलिग्रॅम सकाळी १, रात्री २; क्वेटियापिन १०० मिलिग्रॅम रात्री १. लिथियमची शेवटची रक्ततपासणी: तारीख आणि आकडा. मधुमेह आहे / नाही. कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी. तंबाखू, दारू: आहे / नाही. मनोविकारतज्ज्ञांचा फोन. खुर्ची एकदम आडवी केली की रुग्ण घाबरतो. सांगून, हळू करावी.’

शेवटचे वाक्य वगळू नये. गोळ्यांची नावे लिहिता येत नसतील तर रिकाम्या स्ट्रिप सोबत न्याव्यात. औषधाचे नाव छापलेली बाजू कापून फेकलेली नसावी, एवढे मात्र पाहावे. आजार लपवण्याचा मोह होतो आणि त्यामागची भीती खोटी नसते, कारण नाव ऐकताच आवाज बदलणारे लोक भेटतात. पण गोळ्या लपवल्या तर पुढे जे सांगणार आहे तो धोका उभा राहतो. आजाराचे नाव सांगायचे नसेल तर निदान औषधांची यादी पूर्ण द्यावी.

ठणका लागल्यावर कोणती गोळी

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, कारण रात्री अकरा वाजता औषधाच्या दुकानात जाऊन ‘दाढ दुखतेय, काहीतरी द्या’ म्हटले की जे हाती पडते ते लिथियम घेणाऱ्याला रुग्णालयात पोहोचवू शकते.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक या वेदनाशामकांनी मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणे कमी होते आणि रक्तातली त्याची पातळी चढते. दुखण्यामुळे जेवण-पाणी तुटले असेल तर ती आणखी चढते. हात जोराने थरथरणे, उलट्या-जुलाब, झोकांड्या जाणे, बोलणे अडखळणे, गोंधळून जाणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. असे दिसल्यास लिथियमची पुढची मात्रा न देता लगेच रुग्णालयात न्यावे. घोळ असा होतो की दुकानदार ‘पॅरासिटामॉलच आहे’ म्हणून जी पट्टी देतो, तिच्यावर बारीक अक्षरांत अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल अशी दोन नावे असतात. म्हणून पट्टी उलटून वाचावी आणि एकच नाव असलेली घ्यावी.

साधे पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते: प्रौढ व्यक्तीला एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये सहा तासांचे अंतर, आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कोणत्याही परिस्थितीत नाही. यकृताचा त्रास, दारूची सवय किंवा फारच कमी वजन असेल तर मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. घरात आत्महत्येचे विचार बोलून दाखवणारे कोणी असेल तर पूर्ण पट्टी आणून ठेवू नये. दोन दिवसांपुरत्या गोळ्या घ्याव्यात आणि त्या घरातल्या दुसऱ्या माणसाने सांभाळाव्यात. पॅरासिटामॉलचा अतिडोस यकृत निकामी करतो आणि पहिल्या दिवशी त्याची फारशी लक्षणेही दिसत नाहीत.

इतर औषधांबाबतही दंतवैद्याला आठवण करून द्यावी. नैराश्यावरील सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम यांसारख्या गोळ्यांबरोबर ट्रामाडॉल देणे धोक्याचे असते, आणि आयबुप्रोफेनच्या जातीच्या वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढू शकतो. कार्बामाझेपिन घेणाऱ्याला एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन, आणि क्लोझापिन घेणाऱ्याला सिप्रोफ्लोक्सासिन दिल्यास मूळ औषधाची पातळी वाढते. मेट्रोनिडाझोल हे दातांच्या संसर्गात सर्रास दिले जाते. ते लिथियमची पातळी वाढवू शकते आणि दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्याला तर मुळीच चालत नाही. व्हॅल्प्रोएट सुरू असेल तर दात काढण्याआधी प्लेटलेट्सची तपासणी करून घ्यावी. अमिट्रिप्टिलीन घेणाऱ्यांबाबत भुलेच्या इंजेक्शनातील अ‍ॅड्रेनालिनची मात्रा दंतवैद्य जपून ठरवतात, म्हणून तेही आधी सांगावे. एक सहसा न सुचणारी गोष्ट म्हणजे धूम्रपान. दात काढल्यावर विडी-सिगारेट बंद करायला सांगतात, ते योग्यच. पण धूर एकाएकी थांबला की क्लोझापिन आणि ओलान्झापिन यांची रक्तातली पातळी वाढते, तेव्हा मनोविकारतज्ज्ञांना फोन करून कळवावे.

अँटिबायोटिकच्या कोर्सने दाढ बरी होत नाही. सूज उतरते, ठणका थांबतो आणि आतली कीड जागच्या जागी राहते, मग दोन महिन्यांनी तोच खर्च पुन्हा. दुखऱ्या हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवल्यास किंवा लवंग तेलाचा बोळा तासन्‌तास ठेवल्यास तिथे भाजल्यासारखी जखम होते.

पैसे कोठे वाचतात

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून विनामूल्य झाले आहेत. जिल्हा रुग्णालयात, आणि अनेक उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सक असतात. दात काढणे, दात साफ करणे, साधे सिमेंट भरणे ही कामे तिथे होतात. सिव्हिलमध्ये मानसिक आरोग्याची ओपीडी असेल तर दोन्ही कामे एकाच दिवशी साधण्याचा प्रयत्न करावा, म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे वाचते.

त्याहून गुंतागुंतीच्या कामासाठी शासकीय दंत महाविद्यालये आहेत: मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, नागपूरला, आणि छत्रपती संभाजीनगरला. मुंबई महानगरपालिकेचे नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे. गोव्यातील रुग्णांना एक मोठी सोय म्हणजे दंत महाविद्यालय आणि मानसोपचार संस्था दोन्ही बांबोळीलाच आहेत. पुणे, नाशिक, सांगली, वर्धा अशा ठिकाणच्या खासगी दंत महाविद्यालयांतही विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे दर बाहेरच्या दवाखान्यापेक्षा बरेच कमी असतात. किंमत मोजावी लागते ती वेळेची. सकाळी केस पेपर काढायचा, मग निदान विभाग, मग एक्स-रे, मग ज्या त्या विभागाची तारीख, आणि एका रूट कॅनालला तीन-चार खेपा. ज्या रुग्णाला गर्दी सोसत नाही त्याच्यासाठी घरच्या एकाने रांगेत आधी उभे राहावे आणि नंबर जवळ आला की त्याला बोलवावे. मागच्या दाढेचे रूट कॅनाल असेल तर ते पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे मिळेल का, असे विनम्रपणे विचारायला हरकत नाही.

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत, आणि अपंगत्व असलेल्या कर्मचाऱ्यांबाबत २५,००० रुपयांपर्यंत असेल तर राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय पाहावे, तिथे दंतविभाग असतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार मानसिक आजार हा दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत येतो, म्हणून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) काढून ठेवलेले बरे. मेडिक्लेमवर मात्र फार भिस्त ठेवू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने मानसिक आजाराला शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देणे बंधनकारक केले आहे, पण दातांचे नेहमीचे उपचार, अपघाताचा प्रसंग सोडल्यास, बहुतेक पॉलिसींतून वगळलेलेच असतात.

आता क्रम. हाती पाच हजार असोत वा पन्नास, पहिले पैसे वेदना आणि पू यांवर. त्यानंतर जे दात अजून वाचण्याजोगे आहेत त्यांच्यावर: छोट्या किडीत ग्लास आयोनोमर सिमेंट भरणे, आणि जिथे अनेक दातांना एकदम कीड लागली आहे तिथे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. हे औषध ब्रशने लावतात, त्यासाठी ड्रिल किंवा इंजेक्शन लागत नाही आणि बहुतेक ठिकाणी कीड पुढे सरकणे थांबते. किडका भाग कायमचा काळा पडतो हा त्याचा तोटा. मागच्या दाढांना तो चालून जातो, आणि खुर्चीवर पाच मिनिटांपेक्षा जास्त न बसू शकणाऱ्या रुग्णासाठी मला हा सर्वांत माणुसकीचा उपचार वाटतो. त्यानंतर हिरड्यांची सफाई. कॅप, ब्रिज, कवळी यांचा विचार त्यानंतरच.

पुण्या-मुंबईत एका दाढेचे रूट कॅनाल आणि कॅप मिळून १०-१२ हजार रुपये सहज होतात. ते करण्याआधी दंतवैद्याला सरळ विचारावे: हा दात पुढच्या दहा वर्षांच्या चावण्यासाठी किती गरजेचा आहे? अगदी शेवटची दाढ काढून टाकली तरी अनेकांचे नीट चालते. पहिली मोठी दाढ किंवा समोरचा दात असेल तर वाचवण्यावर खर्च करावा. उपचारांची यादी लेखी मागावी, तातडीचे आणि थांबू शकणारे असे दोन भाग करून मागावी, आणि थांबू शकणारे काम महिन्या-महिन्याने वाटून घ्यावे.

निर्णयाची वेळ तितकीच महत्त्वाची. बायपोलर विकारातल्या उन्मादाच्या, म्हणजे अतिउत्साहाच्या, काळात माणूस हौसेने लाखभराच्या इम्प्लांटच्या हप्त्यांवर सही करून येतो. खोल नैराश्यात ‘आता दात ठेवून काय करायचे, सगळे काढा’ म्हणतो. दोन्ही वेळी पू, ताप आणि वेदना एवढेच हाताळावे. परत न फिरवता येणारे काम आणि हप्ते मन स्थिर होऊन काही आठवडे गेल्यावर, रुग्णाशी पुन्हा बोलून ठरवावेत. रुग्णाशी बोलून, कारण मानसिक आजार आहे एवढ्यावरून त्याला निर्णय घेता येत नाही असे कायदाही मानत नाही.

खुर्चीवर

पहिल्या भेटीत काहीही करून घेऊ नये, तातडीचे दुखणे नसेल तर. फक्त बसणे, तोंड दाखवणे, परत येणे. रात्रीच्या गोळ्यांची गुंगी सकाळी रेंगाळत असेल तर अकरानंतरची वेळ मागावी. हात वर केला की थांबायचे, ही खूण आधीच ठरवावी आणि एकदा उगीच हात वर करून ती पाळली जाते का हे रुग्णाला पाहू द्यावे. ड्रिलचा आवाज ज्यांच्या कानातल्या आवाजांत मिसळतो त्यांना इअरफोन लावून ओळखीचे काही ऐकू देणे उपयोगी पडते. खूपच भीती असेल तर आधी एखादी शामक गोळी द्यावी का, हे दंतवैद्य आणि मनोविकारतज्ज्ञ यांनी बोलून ठरवावे. रुग्ण आधीच झोपेच्या गोळ्या घेत असतो, म्हणून घरून अंदाजाने काही देऊ नये. उपचाराच्या दिवशी नेहमीच्या गोळ्या नेहमीच्या वेळी घ्याव्यात. भीतीचा झटका किंवा निराशा अनावर झाली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

वाईट दिवसांतली काळजी

चांगल्या दिवसांत दोनदा ब्रश करावा हे सर्वांना माहीत आहे. प्रश्न असतो अंथरुणातून उठवत नाही त्या दिवसांचा. त्या दिवशी एकच वेळ राखायची असेल तर ती रात्रीची, कारण झोपेत लाळ आणखी कमी होते. बेसिनपर्यंत जाणे जमत नसेल तर पलंगावर बसून, वाटी हातात धरून ब्रश करावा. तेही नको असेल तर बोटावर पेस्ट घेऊन हिरडीच्या कडेने फिरवावी आणि थुंकावी. पेस्ट फ्लोराइडची, पाकिटावर १००० पीपीएमच्या आसपासचा आकडा असलेली घ्यावी आणि थुंकल्यावर चुळा भरून ती धुऊन टाकू नये. साधी फ्लोराइड पेस्ट महागड्या पेस्टइतकेच काम करते. मिश्रीने दात घासणे म्हणजे तंबाखू घेणेच होय.

चहा सोडवत नसेल तर साखर निम्म्यावर आणावी आणि बिस्कीट जेवणाच्या वेळेला जोडावे. मधल्या वेळी पाण्याची बाटली उशाशी ठेवावी, किंवा साखर नसलेले च्युइंगम चघळावे. उलट्या होत असतील, मग त्या गोळ्यांमुळे असोत की खाण्याच्या विकारामुळे, लगेच ब्रश करू नये. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चुळा भराव्यात आणि अर्ध्या तासाने ब्रश करावा. पुन्हा पुन्हा स्वच्छता करायला लावणाऱ्या आजारामुळे (ओसीडी) तासभर जोरजोराने घासणाऱ्याला मऊ ब्रश द्यावा आणि त्याच्या थेरपिस्टला हे सांगावे, कारण हिरडीलगत झीज होऊन दात शिवशिवू लागतात.

घरच्यांनी दात घासण्यावरून रोज भांडू नये. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या द्यायच्या त्याच वेळी, त्याच टेबलावर पेस्ट लावलेला ब्रश ठेवावा, एवढे पुरते. कवळी असेल तर ती रात्री काढून पाण्यात ठेवावी. जुन्या औषधांमुळे जीभ-ओठांच्या आपोआप हालचाली होत असतील तर नवी कवळी बनवून घेण्यापूर्वी ते दंतवैद्याच्या निदर्शनास आणावे. अशा तोंडात पूर्ण कवळी बसत नाही आणि पैसे फुकट जातात, म्हणून दोन-चार पक्के दात राखून त्यांच्या आधाराने कवळी करता येईल का ते पाहतात. दर तीन ते सहा महिन्यांनी मनोविकारतज्ज्ञांची जी तारीख असते, त्याच आठवड्यात दातांची तपासणी ठेवावी आणि एका पानाची ती टिपण दोन्हीकडे न्यावी; गोळी बदलली की त्यावरची ओळ खोडून नवी लिहावी, तारखेसह.